न मागता मिळणारे कार्ड

हार्डवेअरचे अनुकरण करणाऱ्या क्यूएमू या सॉफ्टवेअरमध्ये एस्‌डी कार्डाचा विभाग २००७ पासून आहे. हे कार्ड प्रमाण-विनिर्देशाच्या कोणत्या आवृत्तीनुसार वागावे, हे ठरविण्याची मुभा २०१८ मध्ये मिळाली. मात्र काहीच न सांगणाऱ्यास २.०० ही आवृत्ती मिळे. सप्टेंबर २०२४ मधील ९.१ या आवृत्तीपासून त्याच मौनाचा अर्थ ३.०१ असा झाला. ही आधुनिकतेची हौस नव्हे हे उघड आहे, कारण ३.०१ हा विनिर्देशही २०१० मधलाच.

बदलाचे कारण सयुक्तिक आहे. अलीकडचे नियंत्रक कार्डाशी ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टवर उतरण्याची बोलणी करू पाहतात, आणि ही बोलणी २.०० च्या कार्डास ठाऊकच नसतात. वस्तुतः सॉफ्टवेअरच्या कार्डात विद्युत्‌दाब नसतोच. असतो तो केवळ त्याविषयीचा संवाद. पण ड्रायव्हरला पारखावयाचा असतो तोही संवादच. शिवाय विनिर्देशकारांनी जुन्यांची सोय पाहिलेली आहे : कार्डाच्या नोंदवहीत आवृत्तीचा मूळ आकडा दोन्ही आवृत्त्यांत २ असाच राहतो, तिसरीची ओळख एका वेगळ्या बिटाने पटते. तो बिट न वाचणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला आवृत्तीच्या नोंदीत फरक जाणवत नाही.

आक्षेप आहे तो निराळ्या ठिकाणी. जुन्या वर्तनाची हमी क्यूएमूने दिली ती आवृत्तीचा क्रमांक नावात वागविणाऱ्या यंत्रांना, ९.० वा त्याआधीचा क्रमांक असलेल्या यंत्रास पूर्वीचेच कार्ड मिळते. परंतु असा क्रमांक मुख्यतः पीसी अथवा ‘व्हर्ट’ यांसारख्या यंत्रांना असतो, आणि त्यांचे एस्‌डी कार्डावाचून काहीच अडत नाही. उलट रास्पबेरी पायसारखे जे फलक कार्डावरूनच सुरू होतात, त्यांच्या नावात क्रमांक नाही. म्हणजे ज्यांना कार्डाची गरज नाही त्यांना संरक्षण, आणि ज्यांचा प्राण कार्डात त्यांना नाही! अशा फलकावर पूर्वी केलेला प्रयोग आज त्याच आज्ञेने पुन्हा केला, तर कार्ड निराळे असते, आणि तसे कोणी सांगत नाही. शोधनिबंधात फलकाचे नाव तेवढे नोंदविण्याची प्रथा येथे अपुरी पडते; ९.१ पूर्वीचे निष्कर्ष पडताळणाऱ्यास कार्डाच्या ‘स्पेक व्हर्जन’ या गुणधर्मास २ हे मूल्य आज्ञेतच स्पष्टपणे द्यावे लागते.