उद्घाटन आणि अवलोकन

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनास जमलेला समुदाय बहुधा चित्रांकडे पाठ करून भाषणे ऐकतो. चित्रे पाहावयाची तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. म्हणून सांगली-साताऱ्याची कलाभिरुची अशा समारंभांवरून मोजणे फसवे ठरेल. या दृष्टीने सातारा जिल्ह्यातील औंधचे उदाहरण विचारार्ह आहे. स्वतः चित्रकार असलेले संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपले संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवरच उभारले. दर्शनास निघालेला शेतकरी तेथे निमंत्रणावाचून रविवर्म्याच्या चित्रांपुढे आणि हेन्री मूरच्या ‘माता व बालक’ या शिल्पापुढे उभा राहू शकतो. ते शिल्प त्यास उमगेलच असे नाही. परंतु त्याचे पाहणे त्याचे स्वतःचे असते. प्रदर्शनांच्या आयोजकांनी निमंत्रितांच्या यादीआधी या वाटेचा विचार करावा.