गाण्यात रुसवा कुठं गेला?

बालशिक्षणावर सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांमध्ये सध्या एक विषय बराच चालतो: बालगीतांमुळे लहान मुलांना स्वतःच्या भावना कळायला मदत होते का? विषय चांगला आहे. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वयाच्या मुलांच्या सामाजिक-भावनिक विकासाला स्पष्ट जागा आहे, त्यामुळे "हा विषय कशाला?" असं गाइड विचारणार नाहीत. माझी तक्रार विषयाबद्दल नाहीच. या कामासाठी जी गाणी उचलली जातात, त्यांच्याबद्दल आहे.

यूट्यूबवर मराठीत 'भावनांची गाणी' शोधून बघा. बहुतेकांचा साचा एकच. चाल इंग्रजी गाण्याची, शब्द मराठी, पडद्यावर चार गोल चेहरे: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. आनंदाला टाळी, रागाला पाय आपटणं. लेकरं आठ-दहा दिवसांत पाठ करतात, बाई खूश, पालक खूश. पण त्या चेहऱ्याला झालंय काय? तो का रडतोय? कोणी खेळायला घेतलं नाही म्हणून, की भूक लागली म्हणून? गाणं सांगत नाही. भावना म्हणजे जणू रंगांची नावं, लाल-पिवळा-निळा तशी दुःखी-रागीट-आनंदी.

आता याच्या शेजारी गदिमांचं बदकाच्या कुरूप पिल्लाचं गाणं ठेवा. म्हणून बघा आणि क्रमाकडे लक्ष द्या. आधी कळतं की त्याला कोणी खेळायला सोबत घेत नाही, लोक बोट दाखवून हसतात. मग दुःख येतं. मग त्याहून अवघड गोष्ट येते, हे सांगायचं कोणाला? भावंडंही विचारत नाहीत. कारण, भावना आणि ती कोणाला तरी सांगावीशी वाटणं, तिन्ही गोष्टी दोन कडव्यांत. भावनिक समज म्हणून आपण जे मोजायला निघतो ते हेच तर आहे! आणि हे गाणं काही इथल्या मातीतलं नाही बरं का, मूळ गोष्ट डेन्मार्कच्या अँडरसनची, १८४३ ची. म्हणजे परकं असणं हा दोष नाही. (शेवटाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. पिल्लू राजहंस निघालं म्हणून सुटलं. जे खरोखरच बदक आहे त्यानं काय करायचं?) वंदना विटणकरांच्या पावसाच्या गाण्यात तर भावनेचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. पोराला पावसात जायचंय आणि परवानगी आईकडे आहे, एवढ्यात सगळं येतं.

दुसरी तक्रार यादीबद्दल. त्या चार चेहऱ्यांत रुसणं नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या दिवसातली इतकी मोठी गोष्ट, आणि ती गायबच. रुसणं म्हणजे राग नाही. रागावलेल्याला समोरचा माणूस नको असतो. रुसलेल्याला तोच हवा असतो, तोंड तिकडं आणि कान इकडं. कोणीतरी समजूत काढायला यावं, हा रुसण्याचाच भाग. आपल्याकडं हे गाण्यात नव्हतं असंही नाही. भोंडल्यात सून रुसून बसते आणि घरचे एकेक जण तिला आणायला जातात, ते अख्खं गाणं रुसव्यावरच उभं आहे. पण तेही जसंच्या तसं अंगणवाडीत नेऊ नका. काही ठिकाणच्या पाठात शेवटी चाबूक येतो, म्हणजे रुसवा निघतो तो भीतीनं.

तसंच 'करमत नाही'. दिवाळीच्या सुमारास मुखेड-कंधारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. आजीजवळ राहिलेलं लेकरू "मी दुःखी आहे" म्हणत नाही. "करमेना गेलंय" म्हणतं. चार चेहऱ्यांतला एक निवडायला लावलं तर ते रडका चेहरा उचलेल, आपण बरोबरची खूण करू, आणि ते जे सांगत होतं ते आपल्या तक्त्यात कुठंच येणार नाही.

आता संदर्भांकडे येऊ, कारण इथं मला सगळ्यात जास्त घोळ दिसतो. तीन अभ्यास वरचेवर येतात. कोर्बेल, ट्रेहब आणि पेरेट्झ यांचा २०१६ चा अभ्यास: अनोळखी भाषेतलं गाणं ऐकताना तान्ही बाळं सुमारे ९ मिनिटं न कुरकुरता राहिली, नुसतं बोलणं ऐकताना सुमारे ४ मिनिटं. सुंदर काम आहे, पण ते शांत राहण्याबद्दल आहे, समजण्याबद्दल नाही. अंगाईनं झोपलेल्या बाळाला आपली भावना कळली असं कोण म्हणेल? दुसरा, किर्शनर आणि टोमासेलो, २०१०. चार वर्षांची ९६ मुलं, एकत्र गाऊन-नाचून झाल्यावर एकमेकांना जास्त मदत करताना दिसली. इथं मोजलं ते सहकार्य. तिसरा लिबरमन आणि सहकाऱ्यांचा, २००७ चा. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या ॲमिग्डालाची हालचाल कमी होते. 'नाव द्या, भावना आवरते' हे वाक्य बहुधा इथूनच येतं, पण त्या अभ्यासातले लोक प्रौढ होते. शांत होणं, सहकार्य करणं, समजणं ही तीन वेगळी व्हेरिएबल्स. सिनॉप्सिसमध्ये तिन्ही एका परिच्छेदात कोंबली की व्हायव्हात पहिला प्रश्न तिथंच येतो.

मोजण्याच्या साधनातही एक सापळा आहे. सुझान डेनहॅम यांची बाहुल्यांची चाचणी खूप वापरली जाते. त्यात आनंद, दुःख, राग, भीती हेच चार चेहरे. आधी मूल चेहऱ्यांची नावं सांगतं, ओळखतं. मग बाहुलीसोबत प्रसंग घडतो आणि तिला काय वाटलं असेल तो चेहरा मूल लावतं. तुम्ही चार चेहऱ्यांचं गाणं महिनाभर शिकवलं आणि पोस्ट-टेस्टला तेच चार चेहरे ठेवले, तर पहिल्या भागाचे गुण वाढणारच. त्यात गाण्याचं कौतुक काय? प्रसंगाच्या भागाचे गुण वेगळे काढून दाखवा. एकूण बेरीज देऊन तो फरक झाकू नका. आणि दोन गट करता आले तर एका गटाला चेहऱ्यांचं गाणं, दुसऱ्याला गोष्टीचं गाणं द्या. 'गाणं की गाणं नाही' या तुलनेपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

साधनाचं भाषांतर करण्याआधी दोन-तीन अंगणवाड्यांत नुसतं बसा. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम केलं ते मुलांच्या अंगणात जाऊन. तुम्ही आठवडाभर वही घेऊन बसलात तरी पुष्कळ. सेविकाताईंना विचारा, लेकरं भ्यायली, रुसली, हिरमुसली की नेमकं काय म्हणतात. लातूरच्या शहरी बालवाडीतली आणि जळकोटच्या वाडीवरची यादी एकच निघेल असं धरून चालू नका. देगलूर-धर्माबादकडं घरी तेलुगू बोलणारी मुलं भेटतील, किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर गोरमाटी, नांदेड शहरात दखनी उर्दू. या मुलांना रुसण्यासाठी घरचा कोणता शब्द आहे, हे प्री-टेस्टच्या आधी कळायला हवं. मर्यादांच्या प्रकरणात शेवटी एक ओळ टाकून ते भागत नाही, नमुना निवडतानाच ठरवावं लागतं.