उसनी बंदिश, स्वतःची गायकी

टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे वॉन याचा ‘टेक्सास फ्लड’ हा पहिला अल्बम १९८३ साली आला. त्याची थोरवी सांगताना बोटांच्या वेगाचे दाखले दिले जातात. मला ते अपुरे वाटतात. शीर्षकगीत मुळात त्याचे नाही. १९५८ साली ते लॅरी डेव्हिसने गायले, गिटार होती फेंटन रॉबिन्सनची. दोघेही कृष्णवर्णीय, जगभरची कीर्ती मात्र पाव शतकानंतर गोऱ्या वॉनच्या पदरात पडली. मग ही नक्कल म्हणायची का? माझ्या मते नाही. बंदिश एकच असली, तरी गायकी ज्याची त्याची असते. वॉन जाड तारा लावतो, गिटार अर्ध्या सुराने उतरवतो. स्वर भरदार होतो आणि तार ओढताना त्यात माणसाच्या गळ्याचा कंप येतो. तिघांनी एकत्र वाजवून मोजक्या दिवसांत केलेल्या या ध्वनिमुद्रणाला झिलई नाही. पत्नीसाठी रचलेल्या, शेवटच्या ‘लेनी’त शब्दही नाहीत, वेग ओसरतो, उरते ते आर्जव. वॉनला दाद द्यावीच. पण डेव्हिसची मूळ तबकडी आधी ऐकावी. ऋण कळल्यावरच त्याने घातलेली भर नेमकी कळते.