वरातीतला बेंजो आणि गिटारचा भाव

फैजपूर-सावद्याकडे लग्नाची वरात निघाली की बँडच्या गाडीवरचे भोंगे, जनरेटरची धडधड, ताशा, सगळ्यांना कापत एक तार वाजते. ऐकणाऱ्या पाहुण्याला वाटते इलेक्ट्रिक गिटार. असतो बेंजो.

शहरातले गिटारवाले वाद्याची प्रत ठरवताना आधी नाव बघतात, फेंडर की गिब्सन, आणि मग लाकूड. लाकडाची ही भक्ती मला अर्धीअधिक अंधश्रद्धा वाटते. सॉलिड बॉडी गिटारला आवाज घुमवणारा भोपळा नाही. लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळून पिकअप होतो, त्याच्यापुढे पोलादी तार थरथरली की वीज उपजते, पुढचे काम अँप्लिफायरचे. पडदे जागच्या जागी, मान सरळ आणि पिकअप चांगला असला की निम्मी लढाई जिंकली. स्ट्रॅटोकास्टर 1954 मध्ये आणणारे लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आणि ज्या परदेशी गिटारींच्या मानेवरच्या पट्टीचे एवढे कौतुक होते, त्यांतल्या कित्येकींची पट्टी आपल्याच शिसवाची.

बेंजोची कुळकथा याहून मजेशीर. अमेरिकन बँजोशी त्याचे नावापुरतेच नाते. 1912 मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणे लावून तैशोगोतो घडवला, तो आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाला आणि पिकअप बसवल्यावर वरातीचा बेंजो. याच फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा चित्रकार नंदलाल बोसांनी गावच्याच साधनांतून अधिवेशनाचे नगर सजवले होते. हाताशी असेल त्यातून वाद्य उभे करणारा बेंजोवाला मला त्याच पंगतीतला वाटतो.

म्हणून त्याचे दोष झाकायचे नाहीत. बटण सुराला एका जागी खिळवते, त्यामुळे गिटारवर तार ओढून निघणारी मींड इथे जवळपास येतच नाही. वादक ती उणीव पिकच्या झपाट्याने भरून काढतो, लांब सूर थरथरवत धरून ठेवतो. दुसरा दोष घरघरीचा. दोन उलट गुंडाळ्यांनी ती मारायची युक्ती गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्येच काढली. एकेरी गुंडाळीचा स्वस्त पिकअप जनरेटरशेजारी ठेवला तर तो घरघरणारच, त्यात वादकाचा काय दोष?

आता कॅसिओवर एका बटणात बेंजोसारखा आवाज मिळतो, पावरी या फुंकवाद्याचाही मिळतो. बँडच्या मालकाला एक माणूस कमी लागतो. रवी जाधवांनी 2016 मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, पण चांगला बेंजो कोणता, वाईट कोणता, यावर आपल्या संगीत समीक्षेत चर्चा दिसत नाही. गिटारच्या भावावर तासन्‌तास वाद घालणारे आपण वरातीतल्या या वाद्याला गोंगाटात जमा करतो.

पुढच्या वरातीत नाचता नाचता जरा गाडीजवळ जा आणि बेंजोवाल्याचा उजवा हात बघा.