इतिहास बदलण्याची किंमत : ‘नोबिता आणि पोलादी सेना’ व ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :

कालप्रवास आणि परग्रहवासीयांचे आक्रमण ही विज्ञानसाहित्यातील दोन प्रमुख आशयसूत्रे होत. या दोन्ही सूत्रांना आधुनिक रूप देण्याचे श्रेय एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाकडे जाते. ‘द टाइम मशीन’ ही त्याची कादंबरी १८९५ मध्ये, तर ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दुसऱ्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात, मंगळवासीयांना क्रूर ठरविण्यापूर्वी युरोपीयांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचे काय केले हे आठवावे, असे वेल्स वाचकाला सुचवितो. परग्रहावरून आलेला आक्रमक हा अशा रीतीने आरंभापासूनच पृथ्वीवरील साम्राज्यांचा आरसा ठरला आहे.

ही दोन्ही सूत्रे एकत्र आली की एक वेगळाच नैतिक प्रश्न उभा राहतो. आक्रमण घडण्यापूर्वीच्या काळात जाऊन त्याचे मूळ कारण नाहीसे करता आले, तर ते करावे काय? आणि केल्यास त्याची किंमत कोणी द्यावी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने दोन कलाकृतींचा विचार केला आहे. पहिली ‘डोरेमॉन’ मालिकेतील जपानी ॲनिमेशनपट. त्याच्या शीर्षकाचा मराठीत ‘नोबिता आणि पोलादी सेना’ असा अर्थ होतो. दुसरी डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही मराठी विज्ञानकथा. एक बालकांसाठीचा चित्रपट, दुसरी प्रौढ वाचकांसाठीची कथा. माध्यम, भाषा व प्रेक्षकवर्ग भिन्न असूनही दोन्हींच्या केंद्रस्थानी बदललेला इतिहास आहे, आणि हेच या तुलनेचे अधिष्ठान आहे.

पार्श्वभूमी :

महाराष्ट्राला ॲनिमेशनची परंपरा नाही, असा एक समज आढळतो. तो यथार्थ नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्यांना पडद्यावर चालते केले. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग सुरू झाला व डिस्नेच्या संस्थेतील क्लेअर वीक्स यांनी तेथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले. त्याच विभागात घडलेले राम मोहन यांनी पुढे युगो साको व कोइची सासाकी या जपानी दिग्दर्शकांसमवेत रामायणावरील ॲनिमेशनपटाचे सहदिग्दर्शन केले. परंपरा होती, तिला विज्ञानकथेची जोड मात्र मिळाली नाही.

विज्ञानकथा मराठीत मुख्यतः नियतकालिकांच्या पानांवर वाढली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या कुमार वाचकांपर्यंत नेल्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांनी लेखकांना व्यासपीठ दिले. १९७४ च्या स्पर्धेत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, ही घटना सर्वपरिचित आहे. २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. मराठी समीक्षेने या साहित्याची दखल घेतली. पण ती बहुधा ‘विज्ञानप्रसाराचे साधन’ या नात्याने. कथेतील विज्ञान बरोबर आहे की नाही याची चर्चा झाली, तिच्यातील इतिहासदृष्टीची त्या मानाने कमी झाली.

चित्रपटाचे कथानक व त्यातील कालप्रवास :

‘डोरेमॉन’ ही फुजिको एफ. फुजिओ या नावाने लिहिणाऱ्या हिरोशी फुजिमोतो (१९३३–१९९६) यांची निर्मिती. बाविसाव्या शतकातून आलेला यंत्रमांजर डोरेमॉन व अभ्यासात मागे पडणारा नोबिता यांची ही चित्रकथा १९६९ च्या अखेरीस सुरू झाली. तिचा पायाच इतिहासबदलावर उभा आहे. नोबिताच्या कर्जबाजारीपणाचे ओझे पुढील पिढ्यांवर पडले, म्हणून त्याचा वंशज सेवाशी डोरेमॉनला भूतकाळात पाठवितो. भविष्य बदलले तर तुझा जन्म कसा होईल, या नोबिताच्या शंकेला सेवाशी एक सोपे उत्तर देतो : ओसाकाला कोणत्याही वाहनाने गेले तरी माणूस ओसाकालाच पोहोचतो. मार्ग बदलेल, मुक्काम बदलणार नाही. मालिकेतील सारा विनोद या आश्वासनावर निर्धास्तपणे उभा आहे, कारण येथे इतिहास बदलण्याची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही.

१९८६ मध्ये त्सुतोमु शिबायामा यांच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या ‘पोलादी सेना’ या चित्रपटाने हेच आश्वासन मोडीत काढले. उत्तर ध्रुवावर सापडलेल्या सुट्या भागांतून नोबिता व डोरेमॉन एक प्रचंड यंत्रमानव जोडतात. खेळता खेळता एक कळ दाबली जाते आणि समोरची इमारत कोसळते. हा खेळ आरशातील निर्मनुष्य जगात चाललेला असल्याने प्राणहानी होत नाही. मात्र आपल्या हाती खेळणे नसून शस्त्र आले आहे, हे मुलांना कळून चुकते. ते शस्त्र मेकाटोपिया या यंत्रमानवांच्या ग्रहावरून आलेले असते. पृथ्वीवरील माणसांना गुलाम करून नेणे हा त्या ग्रहाचा बेत असून रिरुरू नावाची, दिसायला सर्वस्वी मानवी मुलगी, ही त्यांची हेर आहे.

मेकाटोपियाच्या इतिहासाची रचना विशेष लक्षणीय आहे. माणसांना विटलेल्या एका शास्त्रज्ञाने निर्जन ग्रहावर आमु व इमु ही यंत्रमानवांची आदिम जोडी घडविली व तिच्यात स्पर्धेची प्रेरणा घातली. त्यातून प्रगती झाली आणि विषमताही आली. यंत्रमानवांत सरदार व गुलाम असे वर्ग पडले. पुढे सर्व यंत्रमानव समान असल्याचे मान्य होऊन गुलामगिरी संपली. पण कष्टाची कामे कोणी करावीत हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर म्हणून मानवजातीची निवड झाली. स्वतःच्या समाजात समता आणावयाची आणि तिचा भार दुसऱ्या समाजावर टाकावयाचा, हे साम्राज्यवादाचे तर्कशास्त्र बालचित्रपटात इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

चित्रपटाचा खरा संघर्ष युद्धभूमीबाहेर घडतो. जखमी रिरुरूची शुश्रूषा शिझुका करते. तिला रोखण्यासाठी बंदूक उगारलेला नोबिता चाप ओढू शकत नाही. या दोन प्रसंगांनी रिरुरूचे मन पालटते. शेवटी डोरेमॉन, नोबिता, जियान व सुनिओ हरण्याच्या बेतात असताना शिझुका आणि रिरुरू कालयंत्रातून तीस हजार वर्षे मागे जातात व त्या शास्त्रज्ञाला आक्रमणाची हकिकत सांगतात. यंत्रमानवांच्या मेंदूतील स्पर्धेची प्रेरणा काढून टाकण्याचे काम तो हाती घेतो, पण ते पुरे होण्यापूर्वीच त्याचे प्राण जातात. उरलेले काम रिरुरू पूर्ण करते. आपण हे केले तर आपणच उरणार नाही, याची जाणीव तिला असते. सेना अदृश्य होते आणि तिच्यासोबत रिरुरूही.

रेषेचा पक्षपात :

येथे ॲनिमेशन या माध्यमाचा विचार अपरिहार्य ठरतो. रिरुरू व शिझुका यांच्या चेहऱ्यांची रेषा एकच आहे. म्हणूनच रिरुरूचे नाहीसे होणे प्रेक्षकाला शोकान्त वाटते. याउलट आक्रमक सैनिक कीटकांसारखे, एकाच साच्यातले व बिननावाचे रेखाटले आहेत. ते क्षणार्धात नष्ट होतात तेव्हा प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. वास्तविक दोन्हींच्या वाट्याला आलेले नाहीसेपण सारखेच आहे. कोणाविषयी करुणा वाटावी हे येथे कथेआधी रेषेने ठरविले आहे.

यातून चित्रपटाची मर्यादा पुढे येते. नाहीशी झाली ती केवळ एक सेना नव्हे. तीस हजार वर्षांचा एक समाज नाहीसा झाला. त्या समाजाने स्वतःच्या बळावर केलेले गुलामगिरीचे निर्मूलनही त्याबरोबर पुसले गेले. ज्या समाजाने एकदा गुलामगिरी टाकून दिली, त्याला दुसऱ्यांदा ती टाकावयास लावणे अशक्य होते काय? रिरुरूचे मतपरिवर्तन हा त्या शक्यतेचा पुरावाच आहे. शुश्रूषेने आणि न झाडलेल्या गोळीने जे एका व्यक्तीच्या बाबतीत साधले, त्याचा विस्तार करण्याऐवजी चित्रपट मूळ कारणच छाटून टाकतो. युकियो तेरामोतो यांनी २०११ मध्ये दिग्दर्शित केलेल्या नव्या आवृत्तीत प्रचंड यंत्रमानवाच्या मेंदूला पिप्पो नावाच्या पिलाचे रूप मिळाले व शेवटी तोही नाहीसा होतो. या बदलाने वियोगाची वेदना वाढली. मात्र बिननावाच्या सैनिकांचा प्रश्न तसाच राहिला.

गंगाधरपंतांचा प्रवास :

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत परग्रहवासी नाहीत, तरी आक्रमणाचा प्रश्न आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दालीशी झालेल्या युद्धाने ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मराठीला दिला. विश्वासराव वाचले असते तर, हा विचार मराठी मनाला तेव्हापासून चुटपूट लावून आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर नेमक्या अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात हुकली व मराठे विजयी झाले. तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणीच उरला आहे. देश पारतंत्र्यात गेलेला नाही आणि स्वतःच्या पायावर उभा आहे.

एवढे इष्ट चित्र रंगवूनही नारळीकर त्यात दोन उणिवा ठेवतात. मुंबईत गंगाधरपंत आपल्या मुलाचा शोध घेतात, तेव्हा त्या नावाचा कोणी तेथे नोकरीला नसल्याचे कळते. कथेत हा प्रसंग ओझरता येतो, पण त्याचे मोल मोठे आहे : राष्ट्राला स्वातंत्र्य लाभले, बापाला मुलगा गवसला नाही. दुसरी उणीव आझाद मैदानावरील सभेत दिसते. तेथे अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून गंगाधरपंत ती भरून काढावयास जातात. त्या जगात सभांना अध्यक्ष नेमण्याची प्रथाच उरलेली नसते. श्रोते त्यांचे ऐकून घेत नाहीत व त्यांच्यावर हाती येईल ते फेकतात. इतिहास आपल्या इच्छेप्रमाणे बदलला तरी त्यात आपल्याला जागा असेलच असे नाही, हे नारळीकर विनोदाच्या अंगाने सुचवितात.

महत्त्वाचे म्हणजे गंगाधरपंत तेथे काहीही बदलत नाहीत. वाचनालयात बसून ते बदललेला इतिहास वाचतात आणि परततात. खिशात राहिलेले बखरीचे पान एवढाच त्यांच्याजवळ पुरावा असतो. पुंज सिद्धान्त व आपत्ती सिद्धान्त यांच्या आधारे कथा दोन वास्तवांना शेजारी उभे करते, एकाला पुसून दुसरे आणीत नाही. ‘पोलादी सेना’पासून ती येथेच वेगळी होते. मात्र या संयमाला दुसरी बाजूही आहे. गंगाधरपंतांना निवड करावी लागत नाही, त्यामुळे रिरुरूपुढे उभा राहिलेला पेच त्यांच्यापुढे उभाच राहत नाही.

बालप्रेक्षक व भाषेचा प्रश्न :

भारतात ‘डोरेमॉन’ २००५ पासून हिंदी ध्वनिमुद्रणासह दाखविले जाऊ लागले. वऱ्हाडी, गोरमाटी व हिंदी-उर्दू शेजारी शेजारी बोलल्या जाणाऱ्या आर्णीसारख्या तालुक्याच्या गावात ही हिंदी मुलांना परकी वाटण्याचे कारण नाही. कालयंत्र, ‘एनिवेअर डोअर’, ‘बॅम्बू कॉप्टर’ यांचा परिचय तिथल्या मुलांना दूरचित्रवाणीने करून दिला. नारळीकरांच्या कथेची गाठ मात्र अनेक विद्यार्थ्यांशी अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातील ‘द ॲडव्हेंचर’ या पाठाद्वारे पडली. म्हणजे कालप्रवासाची कल्पना बालपणी हिंदीतून व कुमारवयात इंग्रजीतून येते. जिच्यात ती मुळात लिहिली गेली, त्या मराठीतून ती येतेच असे नाही. याचा दोष जपानी चित्रपटावर टाकता येणार नाही. मराठीत चित्रकथा व ॲनिमेशन यांच्याशी विज्ञानकथेची सांगड घातली गेली नाही, हे त्याचे कारण होय.

निष्कर्ष :

१. ‘पोलादी सेना’ हा चित्रपट आपल्याच मालिकेतील किंमतशून्य कालप्रवासाची कल्पना नाकारतो व इतिहासबदलाची किंमत रिरुरूच्या रूपाने डोळ्यांसमोर आणतो. हे त्याचे मोठे यश आहे.

२. ही किंमत तो केवळ चेहरा लाभलेल्या व्यक्तीपुरती मोजतो. अनाम सैनिकांचे व त्यांच्या समाजाने मिळविलेल्या समतेचे नाहीसे होणे तो विजय म्हणून दाखवितो. ही त्याची नैतिक मर्यादा होय.

३. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा बदललेल्या इतिहासाचा मोह मान्य करते, पण त्यात हरवणाऱ्या मुलाकडेही बोट दाखविते. कृतीची जबाबदारी मात्र ती नायकावर टाकीत नाही.

४. पानिपतासारख्या पराभवाची सल बाळगणाऱ्या समाजाला इतिहास दुरुस्त करण्याची कल्पना नेहमीच आकर्षक वाटणार. अशा वेळी या दुरुस्तीत कोण पुसले जाईल, हा प्रश्न विचारण्याची सवय बालवयातच लागणे हितावह आहे. रिरुरूची कथा ती सवय लावू शकते. म्हणून अशा ॲनिमेशनपटांना केवळ करमणूक समजून बाजूला न ठेवता मराठी समीक्षेने त्यांचे विज्ञानकथेच्या बरोबरीने गंभीर वाचन करणे आवश्यक आहे.