लढला की लढली?

डीअ‍ॅन ब्लँटन आणि लॉरेन कुक यांचं ‘दे फॉट लाइक डीमन्स’ (२००२) हे अमेरिकन यादवी युद्धातल्या स्त्री-सैनिकांवरचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. पुरुषी नावानं लढलेल्या सुमारे २५० जणींचा शोध त्यात आहे. अशा सैनिकांना विक्षिप्त अपवाद ठरवणाऱ्यांना ते कागदपत्रांनिशी उत्तर देतं.

पण अल्बर्ट कॅशियरपाशी या पुस्तकाची चौकट अपुरी पडते. १८४३ साली आयर्लंडमध्ये जेनी हॉजर्स म्हणून जन्मलेली ही व्यक्ती ऑगस्ट १८६२मध्ये ९५व्या इलिनॉय पलटणीत भरती झाली, व्हिक्सबर्गला लढली आणि १८६५ साली पलटणीबरोबरच सेवामुक्त झाली. वेषांतर म्हटलं की त्याला हेतू लागतो: पगार, देशप्रेम, नवऱ्याची सोबत. युद्ध संपलं की हेतूही संपतो. कॅशियर मात्र पुढं जवळजवळ पन्नास वर्षं पुरुष म्हणूनच जगला, मोलमजुरी केली, मतदानही केलं. तीन वर्षांच्या युद्धाचं कारण त्या पन्नास वर्षांना पुरत नाही.

तुम्ही म्हणाल, मग स्त्रियांचा पराक्रम पुसायचा का? मुळीच नाही. मिशिगनच्या पलटणीत ‘फ्रँकलिन थॉम्प्सन’ म्हणून लढलेली सारा एमा एडमंड्स पुढं लग्न करून स्त्री म्हणून जगली, आपली कहाणी स्वतः लिहिली. तिला ‘ती’च म्हणायला हवं. दोघांना एकाच मापानं मोजणं ही खरी अडचण आहे.

इंग्रजी लेखक निदान क्रियापदात तरी सुटतो. आपली मराठी तेवढीही सूट देत नाही. आदरार्थी बोलायचं तरी ‘लढले’ की ‘लढल्या’ हे ठरवावंच लागतं. ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द कॅशियरच्या काळी नव्हता. तो त्याच्या तोंडी घालायचं कारण नाही. पण जे नाव त्यानं अर्धं शतक वागवलं, त्याचं क्रियापद तरी त्याला द्यावं.

१९१४ साली वॉटरटाउनच्या मनोरुग्णालयात त्याला स्त्रीचा पोशाख घालायला लावला. त्याच सुमारास पेन्शन खात्यानं चौकशी केली, तेव्हा जुन्या सोबत्यांनी साक्ष दिली की आमच्याबरोबर लढलेला कॅशियर तो हाच. पेन्शन चालू राहिलं. १९१५ साली गणवेशातच त्याचं दफन झालं, दगडावर सैन्यातलं नाव कोरलं गेलं. जन्मनाव घातलेला दुसरा दगड पुष्कळ वर्षांनी आला.

ट्रान्सजेंडर सैनिकांना सैन्यात जागा असावी का, यावर आज अमेरिकेत वाद चालू आहे. तुमच्या मुलांनी याबद्दल विचारलं, तर त्या सोबत्यांची साक्ष त्यांना जरूर सांगा.