‘ऋतुचक्रा’चे पुनर्वाचन

इंदुरात जन्मलेल्या दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. चैत्रापासून बारा मासांचे सृष्टिवैभव सांगणारा हा ग्रंथ मराठी ललितगद्याचा अलंकार म्हणून गौरविला जातो. परंतु हवामान पालटत असता त्याकडे केवळ अलंकार म्हणून पाहणे पुरेसे आहे काय?

आमच्या मते या ग्रंथाचे खरे बळ शब्दकळेपेक्षा नजरेत आहे. कोणते झाड केव्हा पालवते, केव्हा फुलते, हे लेखिकेने स्वतः पाहून लिहिले. म्हणून तो जसा काव्यमय, तसाच साक्षीदारही आहे. मात्र ही साक्ष तपासताना दोन गोष्टींचे भान हवे.

पहिली ही की, ग्रंथाची रचना चांद्रमासांवर आहे. अधिकमासामुळे चैत्राचा आरंभ कधी मार्चात, तर कधी एप्रिलात येतो. पाऊस मात्र सूर्याच्या मागे चालतो. शेतकरी मृग, आर्द्रा ही सूर्यनक्षत्रे धरतो, ते याचसाठी. दुसरी ही की, ऋतू पूर्वीही घड्याळाप्रमाणे चालत नव्हता. ग्रंथ निघाला त्याच १९५६ साली मोसमी पाऊस मुंबईस २९ मे रोजी पोचला होता. २०२३ साली तो २५ जूनला आला, आणि २०२५ साली २६ मे रोजीच येऊन त्याने जुना विक्रम मोडला. एका वर्षावरून निवाडा करता येत नाही. तो अनेक दशकांच्या नोंदींवरूनच होतो. त्या नोंदी सांगतात की अरबी समुद्र तापत गेला आहे आणि त्यातील तीव्र चक्रीवादळे वाढली आहेत. २०२१ च्या ऐन वैशाखात ‘तौक्ते’ वादळाने गोव्यातील झाडे उन्मळून टाकली, हे आपण पाहिलेच.

ग्रंथाची मर्यादाही येथेच दिसते. चक्र फिरून पूर्वस्थळी येणारच, हा विश्वास त्याच्या नावातच आहे. शिवाय डोळ्यांस सारेच दिसत नाही. मोरजी, गालजीबाग येथील वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते. ऊब वाढली की माद्या वाढतात, नर घटतात; किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास मात्र पिले पूर्वीसारखीच समुद्राकडे धावताना दिसतात.

तरीही पाहण्याची ती शिस्त टाकाऊ ठरत नाही. उलट तिची निकड वाढते. आपल्या चतुर्थीची माटोळी हेही एक ऋतुचक्रच आहे. मालकांगोणीचे घोस, रानफुले, सुपारीचे घड यांच्या रूपाने भाद्रपदातील रानच देवापुढे टांगले जाते. यंदा काय मिळाले, काय मिळाले नाही, हे इंग्रजी तारखेसह घरोघरी लिहून ठेवले, तर भागवतांच्या ग्रंथाचा तो खरा सत्कार होईल. नुसत्या स्तुतीने तो होणार नाही.